संगणकातली मराठी : आहे, पण मागावी लागते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘आमच्या संगणकात जरा मराठी घालून द्या,’ असं म्हणणारी माणसं मला गेली वीस-पंचवीस वर्षं भेटत आली आहेत. कोणी शाळेतले शिक्षक असतात, कोणी पतसंस्थेचे व्यवस्थापक, कोणी निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेले आजोबा. ‘घालून द्या’ हा शब्द मात्र सगळ्यांचा सारखा. जणू मराठी ही बाहेरून विकत आणायची वस्तू आहे, नव्या गाडीला सीट कव्हर घालतात तशी. एके काळी ते खरंही होतं. पण २००० साली विंडोज २००० ही प्रणाली आली, तेव्हापासून मराठी ही संगणकाच्या मूळ प्रणालीबरोबरच येते. फक्त तिला ठेवलेलं असतं ऐच्छिक भागांत. शाळेत ऐच्छिक विषय असतो ना, तसंच. मागितला तर मिळतो, नाही मागितला तर त्याच्यावाचून वर्ष पार पडतं.

हा ऐच्छिक भाग म्हणजे नेमकं काय, तो कसा बसवायचा, आणि तो न बसवल्यामुळे आपल्या कागदपत्रांचं काय होतं, हे आज सांगायचं आहे. तंत्राचे शब्द येतील, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर औषध देता येत नाही. ताप आहे की खोकला, हे सांगावं लागतं. ‘संगणकावर मराठी दिसत नाही’ ही तक्रारही तशीच मोघम आहे. तिच्या पोटात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं. पहिला आजार चौकोनांचा. मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकाम्या खिडक्यांसारखे चौकोन रांगेनं उभे. दुसरा आजार विस्कटलेल्या अक्षरांचा. अक्षरं मराठीच असतात, पण वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं सुटलेली, पाय मोडलेले. तिसरा आजार इंग्रजी खिचडीचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, कंस यांची अशी काही गर्दी की कोणी डोळे मिटून कळफलकावर हात फिरवला असावा.

तिन्हींचं मूळ समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं एक नाव घेऊ, ‘शिरोळ’. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक ठरवून देणारी जी व्यवस्था आहे तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक कप्पा मिळाला. ‘शिरोळ’ हा शब्द साठवताना संगणक पाच क्रमांक लिहितो : श, मग ऱ्हस्व वेलांटी, मग र, मग ओकाराची खूण, आणि शेवटी ळ. आपण उच्चार करतो त्याच क्रमानं. पण कागदावर आपण काय करतो? उच्चारात श नंतर येणारी वेलांटी काढतो मात्र श च्या डावीकडे. म्हणजे साठवण्याचा क्रम एक आणि दाखवण्याचा क्रम दुसरा. ही अदलाबदल करायला संगणकात एक कारागीर लागतो. तो वेलांटी उचलून योग्य बाजूला नेतो, रफार डोक्यावर चढवतो, ल आणि ह एकमेकांना जोडून ‘कोल्हापूर’ मधला ‘ल्ह’ घडवतो. इंग्रजीला या कारागिराची गरज नाही. तिथं एकापुढे एक अक्षर ठेवलं की झालं. आपल्या लिपीचं त्याच्यावाचून पानही हलत नाही.

तेव्हा संगणकाला मराठीसाठी तीन गोष्टी लागतात. अक्षरांची चित्रं असलेला फॉन्ट, अक्षरं जुळवणारा कारागीर, आणि आपण लिहू शकू असा कळफलक. फॉन्ट नसेल तर चौकोन. फॉन्ट आहे पण कारागीर नाही, तर शिरोळची वेलांटी श सोडून र च्या डोक्यावर जाऊन बसते. आणि कळफलक नसेल तर वाचता येतं, लिहिता येत नाही. इंग्रजी खिचडीचा आजार या तिन्हींत बसत नाही. त्याची हकीगत निराळी आहे आणि तिच्याकडे मी थोड्या वेळानं येतो.

विंडोज एक्सपी ही प्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि त्यानंतरची सात-आठ वर्षं कोल्हापुरातल्या घराघरांत, दुकानांत, कचेऱ्यांत तीच होती. या एक्सपीच्या सीडीवर मराठीसाठी लागणारं सगळं होतं. फॉन्ट होता, त्याचं नाव ‘मंगल’. कारागीर होता, कळफलक होता. पण संगणक जोडताना ते बसवलं जात नसे. त्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, त्यातलं ‘लँग्वेजेस’ हे पान काढायचं आणि तिथल्या दोन चौकटींपैकी पहिलीवर खूण करायची. या चौकटीपुढे मराठीचं नाव नव्हतं, हिंदीचं नव्हतं, भारताचंही नव्हतं. लिहिलं होतं त्याचा अर्थ असा : ‘गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या फायली बसवा, थाईसह’. अरबी, हिब्रू, थाई यांच्या पंगतीत आपली मराठी बसलेली आहे, हे कोल्हापुरातल्या माणसानं ओळखायचं कसं? माझ्या मते अर्ध्या लोकांची वाट या एका वाक्यानं अडवली.

खूण केली की संगणक सांगायचा, सुमारे १० मेगाबाइट जागा लागेल. म्हणजे दोन-तीन गाण्यांएवढी. शेजारची दुसरी चौकट चिनी-जपानी लिप्यांची, तिला २३० मेगाबाइट लागत. ती ऐच्छिक ठेवली हे समजू शकतं. दहा मेगाबाइटसाठी एवढा आडपडदा कशाला, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. भारतात विकल्या जाणाऱ्या संगणकावर ही खूण आधीच करून द्यायला हवी होती.

पुढची अडचण अस्सल आपल्याकडची. खूण केल्यावर संगणक म्हणायचा, ‘एक्सपीची सीडी घाला’. आता सीडी कुठून आणायची? राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत सुटे भाग घेऊन जोडलेला संगणक, त्यावर प्रणाली चढवून देणारा मुलगा सीडी आपल्याबरोबर परत घेऊन गेलेला. घरात टीव्हीच्या कपाटात असायच्या त्या गाण्यांच्या आणि गेमच्या सीड्या. मग जाणती मुलं एक युक्ती करायची. सीडीवरची ‘आय ३८६’ नावाची फोल्डर डी ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवायची आणि संगणकानं सीडी मागितली की बोट तिकडे दाखवायचं. संगणक पुन्हा चालू झाला की मराठी हजर. डावीकडची आल्ट आणि शिफ्ट ही बटणं एकदम दाबली की इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अनेकदा पाहिला आहे. संगणकात पहिल्या दिवसापासून असलेली गोष्ट, पण वाटायचं कोणीतरी भेट दिली.

मराठी खरोखरच बाहेरून घालावी लागत होती, त्या काळाविषयीही सांगायला हवं, कारण इंग्रजी खिचडीचा उगम तिथं आहे. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅककडे आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. हे जिस्ट सुरुवातीला चक्क एक कार्ड होतं. संगणकाचं झाकण उघडून आत बसवायचं. त्याच प्रयत्नांतून भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण तयार झालं आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ते स्वीकारलं. युनिकोडमधला देवनागरीचा कप्पा इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेला आहे. तेव्हा ‘युनिकोड हे परक्यांनी आपल्यावर लादलं’ असं कोणी म्हणालं तर त्यांना हे जरूर सांगावं.

पण छपाईच्या धंद्याला थांबायला वेळ नव्हता. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, संस्थांचे वार्षिक अहवाल सगळं उद्या सकाळी हवं. मग एक सोपी वाट निघाली. इंग्रजी फॉन्टमध्ये जी अक्षरांची चित्रं असतात ती काढून त्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. इंग्रजी ‘के’ च्या जागी एखादा मराठी तुकडा, कंसाच्या जागी मात्रा, आकड्याच्या जागी एखादं जोडाक्षर. दाबलं ‘के’, उमटलं मराठी. संगणकाच्या दृष्टीनं मात्र तो अजून ‘के’ च. म्हणजे इंग्रजीनं घेतलेलं मराठीचं सोंग. छापून कागद हातात घेतला तर फरक कळणार नाही, आणि छापखान्याचं काम तेवढंच असल्यामुळे हे सोंग वीस वर्षं उत्तम चाललं. सुंदर फॉन्ट निघाले, मराठी मुद्रण त्यांच्यावर उभं राहिलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण अडचण अशी की प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं. एकाच्या फॉन्टमध्ये ‘के’ च्या मागे जे अक्षर, ते दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये दुसरंच. म्हणून लक्ष्मीपुरीत टाइप केलेली फाइल मिरजेत उघडली की खिचडी. त्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, कारण शोधणार काय? नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर संगणक ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतो आणि पाटील, माने, चव्हाण कुठेही जाऊन पडतात.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव माझ्याकडे आले होते. संस्थेच्या इतिवृत्ताच्या वह्या भिजून एकमेकींना चिकटलेल्या. सुदैवानं बारा-पंधरा वर्षांचे ठराव आणि सभासदांच्या याद्या कोणीतरी वेळच्या वेळी संगणकावर टाइप करून सीडीवर ठेवल्या होत्या. सीडी माळ्यावर होती म्हणून वाचली. नव्या लॅपटॉपवर उघडली आणि पडद्यावर खिचडी. त्यांच्या भाच्यानं सांगितलं, मराठी भाषा बसवा म्हणजे दिसेल. बसवली. तरी खिचडीच. साहजिक आहे, कारण फाइलमध्ये मराठी नव्हतीच, सोंग घेतलेली इंग्रजी होती. ऐच्छिक मराठी बसवणं हे चौकोनांवरचं आणि विस्कटलेल्या वेलांट्यांवरचं औषध आहे, खिचडीवरचं नाही. खिचडीला तोच जुना फॉन्ट लागतो.

तो फॉन्ट कोणता, हे शोधायला एक साधी गोष्ट उपयोगी पडते. वर्डमध्ये फाइल उघडून खिचडीवर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं. फॉन्ट संगणकावर नसला तरी नाव दिसतं. ते नाव आधी कागदावर लिहून घ्यावं. ‘वाचता येत नाही, फॉन्ट बदलून बघू’ म्हणून सगळा मजकूर निवडून मंगल करून साठवला, तर ते नावही पुसलं जातं आणि हातातला एकमेव धागा तुटतो. सचिवांच्या फाइलमधलं नाव मिळालं. ज्या दुकानात अहवाल छापून घेत असत, तिथल्या जुन्या संगणकात तो फॉन्ट अजून होता. मग त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. परिवर्तक म्हणजे सोंग उतरवून खरं अक्षर बसवणारा प्रोग्रॅम. तोही रफार आणि जोडाक्षरांत चुकतो. सभासदांची नावं छापील अहवालाशी ताडून एकेक तपासावी लागली. तीन आठवडे गेले, पण ठराव वाचले.

ज्यांच्या घरी किंवा संस्थेत असा जुना संगणक आहे त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी किंवा ‘फॉरमॅट’ मारण्यापूर्वी विंडोजच्या फोल्डरमधली ‘फॉन्ट्स’ ही फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे.

पुन्हा मूळ प्रणालीकडे येऊ. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ती ‘थाईसह’ वाली चौकट गेली. अक्षरं जुळवणारा कारागीर सगळ्यांच्या संगणकात कायमचा बसला. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘निर्मला’ हा नवा फॉन्ट आला, त्यात देवनागरीसह इतर भारतीय लिप्याही आहेत. त्यामुळे आज नवा लॅपटॉप घेतला तर मराठी वर्तमानपत्र वाचण्यासाठी काही करावं लागत नाही. एक्सपीचा आधार तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला.

गंमत पुढे आहे. २०१५ साली विंडोज १० आली आणि तिच्यात मंगल हा फॉन्टच ऐच्छिक झाला. आधी मराठी मागावी लागत होती, आता मराठी आहे, पण मंगल मागावा लागतो. मंगलविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण रोज तो वापरणाऱ्यांनाही ती माहीत नसते. हा फॉन्ट घडवला र. कृ. जोशी यांनी. मराठीतले कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत अक्षरांची कला शिकवणारे प्राध्यापक. २००८ साली ते गेले. पडद्यावर अक्षर लहान असतानाही वाचता यावं, ही त्यांची अट होती असं मंगल पाहिल्यावर जाणवतं. छपाईत तो काहीसा रुक्ष वाटतो, हे खरं. पण सरकारी कचेऱ्यांतला प्रचंड मजकूर या एका फॉन्टमध्ये आहे.

आणि म्हणूनच तो ऐच्छिक झाल्यानं घोटाळा होतो. नव्या संगणकावर मंगलमधली फाइल उघडली तर संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतो. मजकूर वाचता येतो, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षातच येत नाही. पण मंगलच्या ओळी उंच असतात. फॉन्ट बदलला की ओळी आखडतात, पानं सरकतात. चार पानांचा करारनामा साडेतीन पानांत येतो, सह्यांची जागा मजकुराच्या पोटात जाते, तक्त्यातली नावं पुढच्या रकान्यात घुसतात. एका ठिकाणी पान क्रमांक तीन म्हणून उल्लेख आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ते पान दोन.

तेव्हा हे करायचं कसं ते सांगतो. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा. त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’, आणि त्याच्या आत भाषेचं पान. तिथं ‘ॲड अ लँग्वेज’ असं बटण आहे. ते दाबून शोधाच्या जागी इंग्रजीत मराठी असं लिहिलं की यादीत मराठी येते. ती निवडून पुढे गेलात की संगणक काही ऐच्छिक भाग विचारतो. त्यातली एक चौकट विचारते की विंडोजची सगळी बोलणीच मराठीत हवीत का. ही खूण हवी तरच करा. याबद्दल माझं मत असं की मेनू मराठीत करणं आणि आपण मराठीत लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसली तरी दुसरी पूर्ण होते, आणि अडचण आली तर शेजारच्या मुलाला मराठी मेनू उमजत नाही. मराठी भाषा जोडली की मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट सहसा मागोमाग येतात. न आले तर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’ मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधायचं आणि बसवायचं. पैसे लागत नाहीत. ‘सगळे मराठी फॉन्ट एकत्र’ म्हणून कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली गाठोडी मात्र टाळा. त्यांतून विषाणू येतात.

आता सीडी लागत नाही, पण इंटरनेट लागतं, कारण हे भाग संगणकात नसून कंपनीच्या सर्व्हरवरून उतरतात. गगनबावड्याच्या बाजूला मोबाइलच्या रेंजवर काम करणाऱ्यांनी हे तालुक्याच्या गावी येऊनच उरकावं. कचेऱ्यांत आणखी एक अडथळा. तिथले संगणक बऱ्याचदा स्वतः कंपनीकडे जात नाहीत, कार्यालयाच्या मध्यवर्ती सर्व्हरकडून अद्ययावत होतात. त्या सर्व्हरवर हे ऐच्छिक भाग ठेवलेले नसले की बटण दाबूनही काही होत नाही, नुसता चुकीचा क्रमांक दिसतो. बसवायला प्रशासकाचा पासवर्डही लागतो. अशा वेळी संगणक विभागाला ‘मराठी दिसत नाही’ असं न सांगता ‘देवनागरीचे पूरक फॉन्ट बसवून द्या’ असं नाव घेऊन लेखी मागावं. नाव घेतलं की काम होतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक कचेऱ्यांत संगणक बदलले जात आहेत आणि प्रत्येक नव्या संगणकावर हे पुन्हा करावं लागणार आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘लोहित’ आणि ‘नोटो’ हे मोफत फॉन्ट आहेत आणि तिथंही ते ऐच्छिक पॅकेज म्हणूनच मिळतात.

मराठी बसली, आता लिहायचं कसं? भाषेबरोबर येणारा मराठी कळफलक ‘इन्स्क्रिप्ट’ पद्धतीचा असतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये तो प्रमाण ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘कोल्हापूर’ लिहायचं तर इंग्रजी कळफलकावरची नऊ बटणं याच क्रमानं दाबा : के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. म्हणजे क, ओकार, ल, पाय मोडण्याची खूण, ह, काना, प, दीर्घ उकार, र. हात डावा-उजवा असा फिरतो, जात्यावर बसल्यासारखा ठेका लागतो. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास दिला की बोटं बसतात. शिवाय ही जागा हिंदी, कन्नड, गुजराती सगळ्यांना सारखी. गडहिंग्लज-निपाणीकडच्या दुभाषी माणसाला एकाच सरावात दोन लिप्या मिळतात. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्येच ‘मराठी फोनेटिक’ कळफलक आहे. इंग्रजीत उच्चार लिहायचा, मराठी उमटतं. चार ओळींच्या पत्राला तो छान, पण पुस्तक लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्टच शिका.

खरी अडचण होते जुन्या टंकलेखकांची. सरकारी नोकरीसाठी मराठीची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिलेली पिढी टाइपरायटरवर शिकली. टाइपरायटरला कारागीर कुठला? तिथं जे आधी दिसतं ते आधी उमटवायचं. म्हणून ‘शिरोळ’ लिहिताना वेलांटी आधी, श नंतर. तीच सवय घेऊन इन्स्क्रिप्टवर वेलांटी आधी दाबली की टिंबांचं एक वर्तुळ उमटतं आणि वेलांटी त्याला टेकून उभी राहते. हा बिघाड नव्हे. ‘ही वेलांटी कोणाची?’ असा संगणकानं विचारलेला प्रश्न आहे. आधी श लिहा, वर्तुळ येणार नाही.

मराठीची स्वतःची अशी काही अक्षरं आहेत, ती हिंदीच्या कळफलकावर शिकलेल्यांना सापडत नाहीत. पन्हाळ्याभोवतीच्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या. आचाऱ्याला बोलावणं आणि आचार्यांना बोलावणं. यात र चा रफार झाला तर अर्थच बदलतो. दऱ्या लिहिताना साधा र न घेता शिफ्ट धरून जे दाबायचं, मग पाय मोडायचा, मग य. ‘ळ’ साठी शिफ्ट धरून एन. ‘ॲडव्होकेट’ मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, आणि रुपयाचं चिन्ह सरकारनं १५ जुलै २०१० रोजी निवडलं, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं. म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये या दोघांच्या जागी चौकोन दिसतो. बाकी मजकूर ठीक आणि मधेच एखादा चौकोन, असं झालं की समजावं, फॉन्टचं वय झालं. ल आणि श यांचं तर वेगळंच. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं मानली. नोटोसारख्या काही फॉन्टमध्ये हिंदीचं आणि मराठीचं अशी दोन्ही रूपं असतात, आणि मजकुराची भाषा कोणती लावली आहे ते पाहून कारागीर त्यातलं एक निवडतो. म्हणून वर्डमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवावी. वरवर क्षुल्लक वाटतं, पण आपला ल आपल्याला परत मिळतो.

हे सगळं देवनागरीचं झालं. आपल्याच गावात पुराभिलेखागारात करवीर संस्थानची दफ्तरं आहेत, ती मोडीत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली जून २०१४ मध्ये. मोडी शिकणारी तरुण मुलं आता लिप्यंतर करताना मूळ मजकूरही संगणकावर उतरवू शकतात. पण मराठी भाषा जोडून मोडीची अक्षरं येत नाहीत. त्यासाठी मोडीचा नोटो फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागतो. कोणी असा मजकूर पाठवला आणि तुमच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसले, तर बिघडलेली फाइल समजून ती पुसू नका. फॉन्ट बसवा आणि तीच फाइल पुन्हा उघडा. अक्षरं त्या चौकोनांच्या मागेच असतात.